हेडरचा तोच जोड पुन्हा तडकतोय? आर्गन पेटवण्याआधी हे तपासा

लक्षणं

थंड इंजिन सुरू केलं की बॉनेटखालून टिक-टिक आवाज येतो आणि पाच-दहा मिनिटांत गाडी तापली की तो गायब होतो. हेडरच्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याच्या, तड्याचं हे सगळ्यात ओळखीचं लक्षण. धातू तापून फुगतो, फट मिटते, आवाज बंद. म्हणूनच गाडी चालवत गॅरेजला नेली की मिस्त्री म्हणतो, "काहीच तर नाही, भाऊ," आणि सकाळी दारात पुन्हा तेच. कित्येक जण हा आवाज टॅपेटचा समजून व्हॉल्व्ह सेटिंगचे पैसे घालवतात. टॅपेटचा आवाज इंजिनच्या वेगाबरोबर वाढतो. तड्याचा आवाज इंजिनवर जोर आला की वाढतो, म्हणजे चढावर, किंवा वरच्या गिअरमध्ये खालच्या वेगातून पाय दाबला की.

बाकीची लक्षणं अशी. फ्लँजपाशी, म्हणजे बोल्ट लावायच्या सपाट तोंडापाशी, किंवा वेल्डच्या कडेला काजळीचा काळा फराटा. एक्सलरेटर सोडल्यावर मागून फट-फट. टर्बो गाडी असेल तर बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, पूर्वीपेक्षा उशिरा येतो. चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचा कोड दिसतो. शेवटी पीयूसीला गाडी नापास होते आणि मालकाला वाटतं कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गेला.

केबिनमध्ये धुराचा वास येत असेल, डोकं जड होत असेल, तर पुढचं काही वाचू नका. गाडी बंद करून उभी करा. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. वास येतो तो बाकीच्या धुराचा, आणि तो आला म्हणजे हाही आत आलाच. काचा उघड्या ठेवून "तेवढं गंगापूरपर्यंत जाऊ" असं करू नका.

पीयूसीचा संबंध समजून घेण्यासारखा आहे. तडा ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे असेल तर धुराच्या दोन धक्क्यांमधल्या क्षणी त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, समजतो पेट्रोल कमी पडतंय, आणि वाढवतो. गाडी प्रत्यक्षात जास्त पेट्रोल जाळत असते आणि कोड मात्र पेट्रोल कमी असल्याचा. बीएस-४ च्या पेट्रोल गाडीला आयडलला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे; ती ओलांडायला केसाएवढी फटही पुरू शकते. नुसत्या कोडवर विसंबू नका, कारण इनटेकच्या बाजूची गळतीही हाच कोड देते.

तडा कुठं आहे ते आधी वाचा

माझं काम संभाजीनगरजवळ वाळूजच्या बाजूला पाइप आणि शीट मेटलचं. ड्रॅगची, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीची, हौस असलेली पोरं गाड्या घेऊन येतात: जुनी एस्टीम, होंडा सिटी, पोलो, ऑक्टाव्हिया. रोज ऑफिसला याच गाडीनं जायचं, आणि संधी मिळाली की लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ४०२ मीटर पळवायचं. हातानं बनवलेला हेडर किंवा टर्बो मॅनिफोल्ड तडकतो, कोणीतरी वरून आर्गन, म्हणजे आर्गन गॅसचं वेल्डिंग, मारून देतं, आणि जोड पुन्हा त्याच जागी, नाहीतर सूतभर बाजूला सुटतो. मग सगळे म्हणतात वेल्डिंग कच्चं होतं. बहुतेक वेळा वेल्डिंग कच्चं नसतं. पाइपला जिथं हलायचं होतं तिथं कोणीतरी त्याला अडवलेलं असतं, आणि वेल्डची कड ही त्या पाइपातली सगळ्यात कमजोर जागा असते. अडवणूक शोधली नाही तर कितीही चांगला वेल्डर आणा, तो पुढच्या तड्याची जागा तेवढी बदलून देतो.

तडा वेल्डच्या कडेला, मूळ पाइपात असेल आणि वेल्डला समांतर पळत असेल, तर तो हालचालीचा किंवा थरथरीचा. वेल्डच्या अगदी मधोमध, लांबीत असेल, तर फिलर (जोडात वितळवून भरायची काडी) चुकीचा, जोडात फट मोठी किंवा जोड घट्ट अडकवून वेल्ड केलेला. पाइपच्या अंगावर वेल्डपासून लांब बारीक-बारीक तडे असतील, तर माल चुकीचा किंवा इंजिनच जास्त तापतंय. एवढा फरक नजरेत आला की खालच्यातल्या निम्म्या तपासण्या वाचतात. म्हणून वेल्ड मारण्याआधी मोबाइलवर जवळून फोटो काढून ठेवा; ग्राइंडर फिरला की पुरावा गेला.

फुकटातल्या तपासण्या

पहिलं काम, गाडी रात्रभर थंड होऊ द्या आणि हेडरवर गुंडाळलेली पट्टी सोडा. ही एक्झॉस्ट रॅप मला मुळीच आवडत नाही. बॉनेटखालची उष्णता ती कमी करते हे खरं, पण पाइपचं स्वतःचं तापमान वाढवते, ओल धरून ठेवते आणि तडा लपवते. एमएसच्या, म्हणजे साध्या लोखंडी, पाइपला तर रॅपखाली गंज लागून भोकं पडतात.

मग टॉर्च आणि आरसा. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो नसेल तर मोबाइलचा कॅमेरा खाली सरकवा. काजळी कुठून सुरू होते ते बघा, कुठं संपते ते नाही. वाऱ्यानं ती मागं पसरते आणि माणूस भलत्याच जोडाला दोष देतो.

काजळीतून कळलं नाही तर व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू सायलेन्सरच्या टोकाला कापड गुंडाळून लावा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फवारा. पंक्चरवाला ट्यूब तपासतो तोच प्रकार. फेस जिथं उठेल तिथं गळती. हे थंड इंजिनावरच करायचं. तापलेल्या स्टेनलेसवर गार पाणी पडणं हेच तड्याचं एक कारण आहे. धावपट्टीवरून आल्या-आल्या गाडी वॉशिंग सेंटरला नेऊन बॉनेट उघडून फवारा मारणाऱ्यांनी ते बंद करावं. मे महिन्यात आपल्याकडे गाडीवर चढलेली धूळ कितीही असो, इंजिन हाताला गार लागेपर्यंत थांबा.

आता स्टड आणि नट. हेडला लागणाऱ्या फ्लँजचा प्रत्येक नट थंड असताना टॉर्क पान्ह्यानं तपासा, मधून सुरुवात करून बाहेरच्या टोकांकडे, आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला. टोकाचा एक नट ढिला असला की फ्लँजची ती बाजू प्रत्येक धक्क्याला फडफडते आणि पहिल्या किंवा चौथ्या सिलिंडरचा पाइप एकटा सगळा भार घेतो. टोकाचेच पाइप पुन्हा पुन्हा तडकत असतील तर इथंच थांबा आणि नीट बघा. पॅकिंग एकदा दाबलं गेलेलं पुन्हा वापरू नका. आणि पॅकिंगच्या जागी लाल सिलिकॉन लावणाऱ्याच्या हातून ट्यूब काढून घ्या. ते या तापमानात जळून जातं.

दहा-वीस रुपयांची कारणं

सायलेन्सरची रबरं. गाडीखाली वाका आणि प्रत्येक हँगर हातानं हलवा. आपल्या उन्हात आणि धुळीत रबर दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन चिरतं. चिरलं की रस्त्यावरचा कोणीतरी बाइंडिंगच्या तारेनं बांधून देतो, आणि ती तार तशीच राहते. तारेनं बांधलेला सायलेन्सर गाडीच्या अंगाला ठोस जोडला जातो, हेडर इंजिनला ठोस जोडलेलाच असतो, आणि इंजिन तर सतत हलणार. मधल्या पाइपनं काय करावं? संभाजीनगरहून पुण्याला निघालं की नेवासा फाटा, घोडेगाव, शिरूर, वाघोली असे स्पीडब्रेकर आणि खड्डे मोजत जायचं. प्रत्येक आदळ्याला सायलेन्सरचं वजन लिव्हरसारखं कलेक्टरच्या, म्हणजे हेडरच्या सगळ्या नळ्या जिथं एकत्र येतात त्या, जोडाला उपटतं. धावपट्टीवरच्या दहा-पंधरा सेकंदांपेक्षा हा प्रवास हेडरला जास्त खातो.

घासल्याच्या खुणाही बघा. क्रॉसमेंबरला, स्टिअरिंग रॅकला किंवा खालच्या पत्र्याला पाइप लागत असेल तर तिथं रंग उडून चकाकी येते. थंड असताना बोटभर जागा दिसते म्हणून फसू नका. तापल्यावर पाइप लांबतो आणि इंजिन फिरतं.

फौंडेशन

फौंडेशन म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ती रबरी माउंट. याला जास्त वेळ द्या. समोरच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन आडवं बसतं आणि क्लच सोडताच चाकांच्या उलट दिशेनं लोळतं. कंपनीनं हे लोळणं सामान्य ड्रायव्हर धरून ठरवलेलं असतं. ४,००० आरपीएमवर क्लच टाकणारा माणूस त्यात धरलेला नाही. खालचं, डॉगबोनसारखं दिसणारं टॉर्क माउंट फाटलं की डाउनपाइपला, म्हणजे हेडरपासून खाली सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपला, मागे-पुढे हिसके बसतात आणि तडा डाउनपाइपच्या वरच्या वेल्डला जातो. हा तडा पुन्हा पुन्हा येतो म्हणून आर्गनवाल्याशी भांडण होतं, आणि दोष फाटलेल्या रबराचा असतो.

तपासायला दोन माणसं लागतात. एक गाडीत: हँडब्रेक पूर्ण, उजवा पाय ब्रेकवर दाबून, पहिला गिअर, क्लच हळूच पकडेपर्यंत सोडायचा आणि लगेच दाबायचा. दुसरा बाजूला उभा राहून बॉनेटखाली बघणार. समोर कोणीही उभं राहायचं नाही, भिंत असली तरी. मग रिव्हर्समध्ये तसंच. इंजिन दोन-तीन सेंटिमीटर उडी मारत असेल तर फौंडेशन बदलल्याशिवाय हेडरला हात लावू नका.

पीयूची, म्हणजे पॉलीयुरेथेनची, कडक फौंडेशन बसवली तर लोळणं कमी होतं, पण थरथर वाढते आणि ती पाइपात उतरते. माझं मत असं की रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला फक्त खालचं माउंट कडक करावं आणि वरची दोन कंपनीचीच ठेवावीत. तिन्ही कडक करून आलेल्या गाड्यांचे ब्रॅकेट, हीट शील्ड आणि हेडर तिन्ही तडकलेले दिसतात.

बोल्ट सोडून बघा

एकच तपासणी करायला वेळ असेल तर ही करा. डाउनपाइपचा हेडरकडचा जोड थंड असताना सोडा. नट निघाल्यावर दोन्ही फ्लँज जिथल्या तिथं समोरासमोर उभे राहिले आणि स्टड हातानं भोकात गेले, तर पाइप ताणाशिवाय बसलेला आहे. नट निघताच पाइप एका अंगाला उडाला, किंवा परत जोडायला पहार लावावी लागली, तर तुमचा तडा सापडला. तो पाइप पहिल्या दिवसापासून वाकवून बसवलेला आहे, आणि तापण्या-निवण्याचा प्रत्येक फेरा त्यात भर घालतो.

याला उपाय वेल्डिंगचा नाही, मापाचा. पाइप कापा, गाडीवरच, सगळी रबरं आणि फौंडेशन जागेवर असताना मोकळा ठेवून टाके मारा, मग उतरवून पूर्ण वेल्ड करा. वेल्डनंतर पुन्हा लावून बघा. वेल्ड आकसून दोन-तीन मिलिमीटर ओढतोच.

याच वेळी फ्लेक्सी, म्हणजे जाळीचा लवचिक पाइप बघा. तो आहे का? असेल तर कुठं आहे? फ्लेक्सी वाकायला तयार असतो, पिळायला मुळीच नाही. इंजिन ज्या आसाभोवती लोळतं त्याच्या जवळ आणि पहिल्या हँगरच्या अलीकडे तो हवा. मागं, गाडीच्या मधोमध बसवलेला फ्लेक्सी शोभेचा. जाळी एका बाजूला फुगली असेल, तारा तुटल्या असतील, तर तो आतून गेलाय. आणि तो बसवताना ताणून किंवा दाबून बसवायचा नाही. त्याची मूळ लांबी तीच राहिली पाहिजे.

टर्बो गाडीत आणखी एक गोष्ट. कास्ट आयर्नचा टर्बो कितीतरी किलोचा असतो आणि पातळ पाइपच्या हेडरवर तो लोंबकळत असतो. त्याला आधार द्या, पण आधाराचं दुसरं टोक इंजिनच्या ब्लॉकलाच लागलं पाहिजे. गाडीच्या बॉडीला जोडलेला आधार म्हणजे आणखी एक अडवणूक. ब्रॅकेटची भोकंही लांबट ठेवा, कारण टर्बो गरम झाला की वजन धरून ठेवत त्याला सरकता आलं पाहिजे.

हेडर उतरवल्यावर

इथून पुढं खर्च आणि मेहनत दोन्ही वाढतात. फ्लँजवर चांगली पोलादी पट्टी आडवी-तिरकी ठेवून खाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, सरकवा. ०.१ मिमीची पाती आरामात जात असेल तर फ्लँज केळ्यासारखा वाकलाय. तो नट आवळून सरळ होईल, पण त्यासाठी चारही पाइप वाकतील. वेल्ड करताना फ्लँज जाड प्लेटला किंवा भंगारातल्या जुन्या हेडला आवळून ठेवायचा आणि पूर्ण गार होईपर्यंत सोडायचा नाही; तरीही शेवटी मिलिंगवर फेसिंग करावंच लागतं. वाळूज, चिकलठाण्यात हे करून देणारी टूलरूम प्रत्येक गल्लीत आहेत.

आता प्रसरण. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचा ६० सेंटिमीटर पाइप ६०० अंशांनी तापला की ६ ते ७ मिमी लांबतो; तेवढाच एमएसचा पाइप ५ मिमीच्या आसपास. आणि स्टेनलेस उष्णता एमएसच्या साधारण एक तृतीयांशच वाहून नेतो, म्हणून ती एका जागी साचते. एका सिलिंडरचा पाइप लांब, दुसऱ्याचा आखूड, चौघांची वाढ वेगळी, आणि दोन्ही टोकं ठोस. या वाढीला जागा द्यायचे तीन मार्ग आहेत. फ्लँजची टोकाकडची भोकं मिलिमीटर-दीड मिलिमीटर लांबट करा. वेल्ड झाल्यावर दोन पोर्टमधला फ्लँज कापून तुकडे सुटे करा. आणि कलेक्टरला वेल्डऐवजी एकात एक सरकणारा स्प्रिंगचा जोड द्या. शेवटचा साध्या इंजिनाला उत्तम, टर्बोला गळतीमुळे नको. टर्बोसाठी पातळ नळीऐवजी शेड्यूल १० चे (जाड भिंतीच्या पाइपाचं एक माप) एल्बो वापरा. सव्वा इंची मापात त्यांची जाडी २.७७ मिमी भरते आणि वजन पेलतं. दिसायला ओबडधोबड दिसतं, पण टिकतं.

मालाबद्दल फार फसवणूक होते, बहुतेकदा अजाणतेपणी. जालना पोलादाचं गाव खरं, पण तिथल्या गिरण्या बांधकामाची सळई करतात; स्टेनलेसचा पाइप व्यापाऱ्याकडून येतो. रेलिंग आणि गेटवाल्याकडे मिळणारा चकचकीत पाइप बहुधा २०२, म्हणजे हलक्या ग्रेडचा, असतो. लोहचुंबकानं ३०४ आणि २०२ ओळखता येत नाहीत, दोन्ही चिकटत नाहीत. आणि खरा ३०४ सुद्धा बेंडपाशी थोडा चिकटतो, त्याला नकली म्हणू नका. ओळखायला ९ व्होल्टच्या बॅटरीसोबत वापरायचं तपासणीचं द्रावण मिळतं, नाहीतर एमआयडीसीतल्या लॅबमध्ये पीएमआयची, म्हणजे धातूत काय काय मिसळलंय ते सांगणारी, बंदूक लावून घ्या. टर्बोच्या अलीकडे, जिथं वायू ८०० ते ९०० अंशांवर असतो, तिथं ३०४ पेक्षा ३२१ चांगला. मिळत नसेल तर ३०४. गॅल्व्हनाइज्ड पाइप कधीही नको. त्यावर वेल्ड करताना निघणारा जस्ताचा धूर अंगात ताप भरवतो.

शेवटी वेल्डचं पोट. हेडर कापल्याशिवाय किंवा आत कॅमेरा घातल्याशिवाय ते दिसत नाही. बाहेरून सोनेरी-निळसर सुंदर रेघ, आणि आतून काळं, दाणेदार, खरखरीत. आतल्या बाजूला आर्गन न भरता वेल्ड केलं की असं होतं. तिथली धातू जळून गेलेली असते आणि तडा त्या दाण्यांतून सुरू होतो. पाइपची तोंडं ॲल्युमिनियमच्या टेपनं बंद करून एका बाजूनं हळू आर्गन सोडायचा, दुसऱ्या बाजूला छोटं भोक, आणि आतली हवा निघून जाईपर्यंत थांबायचं. सिलिंडर महाग आहे म्हणून ही पायरी गाळणारे पुष्कळ. वेल्डरला काम देण्याआधी एकच प्रश्न विचारा: आतून गॅस देता का? उत्तर "गरज नाही" असं आलं तर नमस्कार करून निघा.

डागडुजी कशी

आधी गाडी धावपट्टीवर न्यायची घाई नाही हे ठरवा. तड्याची टोकं डीपी टेस्टनं, म्हणजे तड्यात रंग शिरवून, शोधा. क्लीनर, लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर असे तीन डबे एमआयडीसीच्या वेल्डिंग साहित्याच्या दुकानात मिळतात. डोळ्याला तडा दिसतो त्याच्या पुढं तो बहुधा गेलेला असतो. दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तो पुढं पळत नाही. मग तड्यावर व्हीच्या आकाराची खाच कापा. ग्राइंडिंगची चाकं स्टेनलेससाठी वेगळी ठेवा. एमएसवर वापरलेलं चाक लोखंडाचे कण मागं सोडतं आणि तिथं गंज धरतो.

पुसायला ॲसिटोन. ब्रेक क्लीनर नको. त्यातल्या काही फवाऱ्यांत क्लोरीनयुक्त द्रव असतात आणि आर्गन वेल्डिंगच्या आर्कमध्ये त्यांच्यापासून फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो. हा कोपऱ्यातला इशारा नाही. अंगावर घ्यायची गोष्टच नाही.

फिलर ३०४ ला ३०८एल, ३२१ ला ३४७, आणि स्टेनलेस-एमएसच्या जोडाला ३०९एल. १.६ मिमीच्या भिंतीला ५० ते ७० अँपिअर पुरतात. जोडात उजेड दिसता कामा नये. फट फिलरनं भरणं म्हणजे वेल्डच्या पोटात ताण ठेवणं. एकदा डागडुजी केलेला जोड दुसऱ्यांदा तिथंच तडकला तर तेवढा तुकडा कापून नवा घाला. जळलेल्या धातूवर थर चढवत बसू नका.

हेडर गाडीवर असताना वेल्ड करायची वेळ आलीच तर बॅटरीचं मायनस काढा, ईसीयूचे कनेक्टर सोडा, अर्थचा क्लँप वेल्डच्या अगदी जवळ लावा. पेट्रोलच्या नळ्या कुठून जातात ते आधी बघा आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा. शक्यतो उतरवूनच करा.

इथं थांबा

स्टड हेडमध्ये तुटला असेल तर ड्रिल घेऊन प्रयोग करू नका. ड्रिल ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये सरकलं की दोनशेच्या कामाचं हेड उतरवायचं काम होतं. मशिनशॉपवाला तुटक्या स्टडवर नट वेल्ड करून तो काढतो, आणि नसेल निघत तर नेमक्या केंद्रावर भोक पाडतो.

कंपनीचा कास्ट आयर्नचा मॅनिफोल्ड तडकला असेल तर तो घरी वेल्ड होत नाही. निकेलची काडी, आधी एकसारखं तापवणं, नंतर हळूहळू निववणं. इतकं करूनही तो टिकेलच असं नाही. बदला.

फौंडेशनचा ब्रॅकेट, सस्पेन्शनचा मूळ जोड, स्टिअरिंग, रोल केज (गाडीच्या आतली पाइपांची संरक्षक चौकट) किंवा चॅसिस यांपैकी कशाचाही वेल्ड तडकला असेल, तर वरचं काहीही लागू नाही. तिथं तडा म्हणजे आवाज नाही, अपघात. प्रमाणपत्रधारक वेल्डर आणि मोटरस्पोर्टचं काम केलेला फॅब्रिकेटर लागतो, आणि स्पर्धेची तपासणी करणारे आधी तिथंच हात घालतात. रोल केज असलेली गाडी रस्त्यावर हेल्मेटशिवाय चालवणं हा वेगळा धोका. छोट्या धडकेतही डोकं पाइपवर आपटतं.

आणि वरच्या सगळ्या तपासण्या नीट निघूनही पाइप लालबुंद होऊन तडकत असेल, तर रोग हेडरचा नाही. इग्निशन मागं पडलंय, म्हणजे ठिणगी उशिरा पडतेय, किंवा मिश्रण चुकतंय. ट्यूनरकडे डायनोवर, म्हणजे इंजिनची ताकद मोजायच्या यंत्रावर, गाडी न्या.

आरटीओचंही सांगून टाकतो, कारण दुकानात रोज विचारतात. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. कॅट कापून सरळ पाइप टाकायला येणाऱ्याला मी परत पाठवतो. सायलेन्सर आणि कॅट काढलेली गाडी ट्रेलरवर जाते, जालना रोडवर नाही. समृद्धीवर शर्यत लावण्याबद्दल तर बोलायचंच नाही. तिथं कारची मर्यादा ताशी १२० आहे आणि सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतीला कलम १८९ आहे.

जोड नवा बसवला की पहिल्या दोन-तीन तापण्या-निवण्यांनंतर, इंजिन थंड असताना, सगळे नट पुन्हा टॉर्कवर तपासा आणि काजळीसाठी टॉर्च फिरवा. पुढची तपासणी पुणे-नगर रस्त्याची एक फेरी झाल्यावर. तेवढ्यात फराटा दिसला नाही, तर डाउनपाइपचा जोड एकदा पुन्हा सोडून फ्लँज समोरासमोर येतात का ते बघा, आणि मगच रॅप, हीट शील्ड, काय लावायचं ते लावा.